टोकाची खोली

“आता कशाला आलात?” सुमनताईंनी कस्तुराआक्कांना व्हरांड्याच्या पायरीवरच अडवलं.

आत सुमनताईंच्या सुनेचं, रुपालीचं, डोहाळजेवण रंगात आलं होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पुढ्यात झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. रुपाली कुठली वाटी उघडते याकडे बायकांचे डोळे लागले होते. ते सगळे आता पायरीकडे वळले.

“पोरीची ओटी भरते अन् जाते,” आक्का म्हणाल्या. पदराखाली नारळ होता.

“ओटी? अख्खी वस्ती नव्या घरात जायला बसलीय आणि तुमची एक सही होईना. तुमच्यापायी माझं नातवंड याच पत्र्याखाली जन्मणार. आधी त्याचं छप्पर अडवायचं, मग त्याच्या आईची ओटी भरायची? नको आमाला तुमचा नारळ.”

बोलून सुमनताईंना बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. रुपाली उठायला लागली, तर शेजारणीनं तिला खांद्याला धरून बसवलं. आक्का आल्या तशा माघारी गेल्या.

आकुर्डीच्या पुढची ही वस्ती म्हणजे लढाईच्या काळातलं लष्करी इस्पितळ. बऱ्याच वर्षांनी इस्पितळ बंद पडलं, लष्कर निघून गेलं, नोकरमाणसं तिथंच राहिली. पुढं कंपन्यांच्या ओढीनं गावोगावची माणसं आली आणि एकेका वॉर्डात पत्रे आडवे लावून चार-चार संसार थाटले गेले. आता तिथं बिल्डर टॉवर उभे करणार होता आणि राहणाऱ्या प्रत्येक घराला फ्लॅट देणार होता. फक्त सगळ्यांची संमती हवी होती. सगळ्यांनी दिली. पूर्वी इस्पितळात आयाचं काम केलेल्या कस्तुराआक्का तेवढ्या अडून बसल्या. का, ते काही केल्या सांगेनात. म्हातारीला दोन फ्लॅट पाहिजे असतील, असं पहिल्यांदा सुमनताईंनीच म्हटलं आणि ते वस्तीभर झालं. मग लोकांनी आक्कांशी बोलणंच टाकलं.

खरं तर सुमनताईंना इतकं बोलायला तोंड नव्हतं. कडेवर पोर घेऊन त्या बीडकडून आल्या, तेव्हा सगळे वॉर्ड भरले होते. उरली होती एकच खोली, अगदी टोकाची. तिचं कुलूप आक्कांनीच उघडून दिलं होतं. इस्पितळ चालू असताना त्या खोलीत मढी ठेवायचे. सुमनताईंनी हात सोलवटेपर्यंत ती घासली, चुना मारला, आणि कुणाला सांगणार नाही अशी आक्कांकडून शपथ घेतली. जाणती माणसं एकेक करून गेली, वस्तीत राहिल्या या दोघीच. मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही सुमनताईंनी चकार शब्द काढला नाही. मढ्यांच्या खोलीत कोण पोरगी देणार?

वाट्या उघडायच्या आतच बिल्डरचा माणूस, गणराज, पेढ्यांचा खोका घेऊन आला. “तोंड गोड करा, काकू. सकाळीच आजींनी सही केली.”

“आली का ताळ्यावर?” शेजारीण म्हणाली. “काय पदरात पाडून घेतलं म्हातारीनं? दोन फ्लॅट का तीन?”

“जास्तीचं काहीच नाही. आमचं सगळं काम इस्पितळाच्या जुन्या नकाशावर चाललं होतं. त्यात टोकाची खोली घर म्हणून धरलेलीच नव्हती. मोजणीच्या वेळी आजींच्या लक्षात आलं. म्हणाल्या, आधी ती धरा, मग सही. साहेब ऐकेनात, आजीही हटेनात. शेवटी साहेबच नमले. सुमनकाकू, तुमचा फ्लॅट आता पक्का.”



“मग हे तिनं आधीच सांगायचं ना,” शेजारीण पुटपुटली. “आणि धरली का नव्हती? काय होतं तिथं?”

गणराजनं मान खाजवली. “आजी म्हणाल्या, चादरींची कोठी होती.”

सुमनताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अडून बसण्याचं कारण सांगायचं, तर खोलीचंही सांगावं लागलं असतं. म्हणून ती बाई महिनेच्या महिने वस्तीच्या शिव्या खात राहिली. आणि दोन फ्लॅटची आवई उठवली कुणी? खरं बोलायची वेळ आत्ता होती, एक वाक्य पुरलं असतं. सुमनताईंनी सुनेच्या पोटाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं.

“कोठीच होती,” त्या म्हणाल्या. “घ्या, पेढे घ्या.”

स्वतःची इतकी किळस त्यांना जन्मात आली नव्हती.

रुपाली उठली. या वेळी तिला कुणी धरलं नाही. सासूचा हात धरून ती पायऱ्या उतरली. “चला आई, आजींना घेऊन येऊ. बोलवायचं मात्र तुम्ही.”

आक्कांचं दार दिसलं तशा सुमनताई थांबल्या. “रुपाली, थांब जरा. तुला एक सांगायचंय. आपल्या खोलीत पूर्वी…”

“मढी ठेवायचे. मला माहितीय.”

“तुला कुणी सांगितलं?” सुमनताईंनी विचारलं.

“लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हा बाजारात एका म्हातारीनं सांगितलं. मी पिशवी भरून माहेरी निघाले होते. आजींनी मला रस्त्यातून माघारी आणलं. म्हणाल्या, तुझ्या सासूनं तिथं जित्या माणसांचं घर केलंय, तिथंच नांद. अन् ती आपणहून सांगत न्हाई तोवर तू इचारू नको. तिला लाज वाटंल.”