खुणेचा प्रश्न

नानांना पळवून नेणारा माणूस बायकोच्या धाकातला आहे, यावर एव्हाना घरात एकमत झालं होतं. खंडणीचा आकडा सांगताना मागे कुकरची शिट्टी झाली आणि गडी वाक्य अर्धवट टाकून गॅस बंद करायला पळाला, हा जावयाचा पुरावा. थोरल्याच्या मते तो नवशिका होता. कुणी घासाघीस करायच्या आतच त्यानं स्वतःहून रक्कम उतरवली होती. त्याच्यावर लहानपणी अन्याय झाला असणार, असं धाकटीचं म्हणणं. तिला तर त्याची दयाच येऊ लागली होती.

बेत मात्र पक्का होता. नाना बागेत कुठल्या बाकावर बसतात, कधी उठतात, कुठल्या गल्लीनं परततात, सगळं त्यानं हेरून ठेवलेलं.

"म्हणजे इतके दिवस कुणीतरी नानांकडे बघत होतं?" धाकटी म्हणाली.

ते कुणालाच पटेना.

संध्याकाळपर्यंत पैसे पोचले नाहीत तर नानांची आशा सोडा, अशी धमकी होती. फौजदार म्हणाला, आधी ते जिवंत आहेत याची खूण पटवून घ्या. त्यांना काहीतरी विचारा. उत्तर फक्त त्यांना आणि तुम्हाला ठाऊक असलेलं हवं.

थोरल्यानं बराच विचार करून नानांची आवडती भाजी सुचवली.

"कुठली?"

"तेच तर त्यांना विचारायचं."

जावई म्हणाला, नाना कधी काही बोलतच नाहीत. आपण बोललो तर निम्मं ऐकून न ऐकल्यासारखं करतात. तिथं तरी तसं केलं नाही म्हणजे मिळवली, असं सून पुटपुटली.

फोन वाजला. थोरल्यानं तोंड उघडायच्या आत पलीकडचा म्हणाला, "थांबा. नाना म्हणतायत, घरचे माझ्यासाठी इतका वेळ फोनपाशी थांबायचे नाहीत, नंबर चुकला असेल. खात्री करायला सांगतायत. त्यांना कुठल्या कानानं ऐकू येत नाही?"

थोरल्याच्या डोळ्यांपुढे नानांचे दोन्ही कान लख्ख उभे राहिले. चष्म्याच्या दांड्या, पांढरे केस, सगळं. ऐकू न येणारा कुठला, तेवढं दिसेना. त्यानं धाकटीकडे पाहिलं. ती फौजदाराकडे बघत होती.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. या वेळी कुणी उठलं नाही.

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "डावा म्हणा. मी त्याच बाजूला बसलोय, त्यांना कळायचं नाही."