तांदळातलं नाव

नाव लिहायचं तांदळाचं ताट नव्या नवरा-नवरीसमोर आलं.

"आमच्यात सुनेचं नाव बदलतात," नवऱ्याची आत्या म्हणाली. "लिही रे, वैजयंती."

नवऱ्याने अंगठी हातात धरून आईकडे पाहिलं.

सासूबाई आतून एक खोकं घेऊन आल्या. उद्याच्या पूजेला येणाऱ्या बायकांना द्यायला त्यांनी महिनाभर गॅलरीतल्या लाकूड कोरायच्या सीएनसी मशीनवर कुंकवाच्या लाकडी डब्या केल्या होत्या. प्रत्येक झाकणावर नवरीचं माहेरचंच नाव कोरलं होतं, ऋजुता.

"बदला की, वन्सं," त्या म्हणाल्या. "फक्त एवढी झाकणं घासून द्या. पॉलिश पेपर मी देते."

आत्याने एक डबी उचलली, झाकणावरून बोट फिरवलं आणि ती हळूच पर्समध्ये टाकली.

"ऋजुताच लिही," ती भाच्याला म्हणाली. "आणि डबीवर आहे तसं वळणदार काढ."