एकशे तेरावा घाणा

बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच मी कॉलेजात भाषणाला गेलो आणि नेहमीचंच ठोकलं. भांडी घासायच्या साबणाचे एकशे बारा घाणे वाया गेले, पण मी हार मानली नाही. एकशे तेरावा जमला आणि त्यावर कारखाना उभा राहिला.

पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "काका, घाणा बिघडलाय हे कळायचं कसं? तेव्हा लॅब होती?"

"कसली लॅब गं! आमची लॅब म्हणजे आमची बायको. ती त्या साबणाने भांडी घासायची. तिच्या हातांची आग झाली, की घाणा गेला वाया."

पोरं खो खो हसली.

"आणि एकशे तेराव्याला?"

"एकशे तेराव्याला ती म्हणाली, 'अहो, आज काहीच होत नाही.' मी घरभर नाचलो."

टाळ्या थांबेनात. पुढचं मी सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने गॅसवरचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलं. मी ओरडलो, तर माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, खरंच काही होत नाही."