दुसरी डिस्क

डिस्कवर फिल्मची कॉपी संपत आली होती आणि आर्नेचा जीव टांगणीला लागला होता. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. हेल्का पट्टीकडे बघत होती आणि आर्ने हेल्काकडे. मंगळवारी कॉफीच्या वेळी त्याने तिला विचारलं होतं, "माझ्याकडे राहायला येतेस का? म्हणजे, कायमची." हेल्काने हातातला वेलदोड्याचा बन संपवला, बोटांची साखर झटकली, "बघते" म्हणाली आणि कामाला बसली. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. ताम्परे शहराची माणसं कमी बोलतात हे आर्नेलाही मान्य होतं, तो स्वतः त्यांतलाच. पण कमी म्हणजे किती कमी, यालाही काही सुमार असावा.

दोघांनी पन्नाशी ओलांडली होती. ती संकलक, तो आवाजाचं काम बघणारा. उन्हाळ्यात तळ्याकाठी जे नाचाचे मांडव भरतात, त्यांच्यावरचा माहितीपट सध्या त्यांच्या हातात होता. अर्धं काम झालं होतं, अर्धं थंडीपर्यंत पुरणार होतं. उद्यापासून युहान्नुसची, भर उन्हाळ्यातल्या सणाची सुट्टी. अख्खं शहर रिकामं होऊन तळ्यांच्या काठी पांगणार होतं. आर्नेला त्याआधी उत्तर हवं होतं. नकार मिळाला असता तर तो सॉना तापवून एकटाच बसला असता आणि चार दिवसांत सावरला असता. हे अधांतरी लटकणं मात्र त्याला सोसत नव्हतं.

"हेल्का," तो घसा खाकरत म्हणाला, "ते मंगळवारचं..."

"कॉपी चालू आहे," हेल्का म्हणाली.

तिच्या खोलीत कॉपी चालू असताना कुणी बोलायचं नाही, टेबलाला हात लावायचा नाही, कप तर मुळीच ठेवायचा नाही. यंत्राला त्याचं काही नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण एकदा पोळलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? फार वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात स्टुडिओच्या छतातली पाण्याची नळी फुटली होती. शेजारीशेजारी ठेवलेल्या तिच्या दोन्ही डिस्क एकदमच भिजल्या आणि वर्षभराचं काम पाण्यात गेलं. त्या फिल्मचं नावही ती काढत नसे. तेव्हापासून रोज संध्याकाळी चालू काम दुसऱ्या डिस्कवर उतरायचं. पहिली डिस्क हेल्काबरोबर पिस्पालाच्या टेकडीवरच्या तिच्या घरी जायची आणि दुसरी आर्नेबरोबर नदीपलीकडे त्याच्या घरी.

दुसरी डिस्क आपल्याकडे असते याचा आर्नेला केवढा अभिमान होता. हेल्का कुणालाही आपली पेन्सिलसुद्धा देत नसे. तिने त्या डिस्कसाठी स्वतः राखाडी लोकरीचा मोजा विणला होता आणि तो आर्नेच्या हवाली केला होता. आर्ने तो रात्री उशाशी ठेवायचा. हे अर्थात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

दार उघडून रौनी आत आली. माहितीपटाची दिग्दर्शिका. माहेर बोलघेवड्या कारेलियाकडचं, त्यामुळे तोंडाला विश्रांती नाही. पण पडद्यावरची पट्टी बघताच तिने ओठ मिटले आणि बोलणं आवरायला हातातल्या पुड्यातल्या स्ट्रॉबेऱ्या भराभर तोंडात कोंबल्या.

पट्टी भरली. हेल्काने दुसरी डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली, फाईल उघडली आणि मधूनमधून चालवून पाहिली. मांडवात अकॉर्डियन वाजलं, म्हातारी जोडपी गिरकी घेऊन गेली, ओठ आणि शब्द जुळले. मग तिने डिस्क काढून मोज्यात सरकवली. आर्नेने सवयीने हात पुढे केला.

हेल्काने मोजा रौनीला दिला.

"आजपासून ही तुझ्याकडे."

"माझ्याकडे?" रौनीला स्ट्रॉबेरीचा ठसका लागला. "अगं बाई, माझ्या घरी दोन मांजरं आणि एक नवरा. कोण कधी काय पाडेल, भरवसा नाही. आर्नेकडे बरी आहे की."

"उंच कपाटात ठेव. रोज संध्याकाळी न्यायची, सकाळी आणायची."

आर्नेचा हात तसाच हवेत राहिला. त्याने तो खाली घेतला आणि खिशात घातला. खिशात मोज्याची जागा रिकामी होती. त्याला वाटलं, मिळालं उत्तर. राहायला येणं दूरच, साधी डिस्कसुद्धा काढून घेतली. आपण उगाच तोंड उघडलं. न विचारता गप्प बसलो असतो तर निदान रोज संध्याकाळी ती आपल्या हातात काहीतरी देत तरी राहिली असती. त्याला इतकं वाईट वाटलं की न राहवून तो बोललाच.

"माझं काही चुकलं का? मी एकदाही विसरलो नाही. बर्फात बस बंद पडली तेव्हा चालत घेऊन आलो होतो."

"माहीत आहे," हेल्का म्हणाली. "तुझ्यासारखी कुणी सांभाळली नसती."

"मग?"

हेल्काने पहिली डिस्क आपल्या पिशवीत ठेवली. यंत्र बंद केलं, दिवा बंद केला, खुर्चीवरचा कोट उचलला. कान मात्र लाल झाले होते. रौनी चघळायची थांबून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"मग काय," हेल्का पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "आजपासून पहिली डिस्क तुझ्या घरी येणार. दोन्ही एकाच घरात ठेवू म्हणतोस?"