निरोगी क्रमांक एक

"हा कुणाचा आकडा? सगळा आलेख नासवलाय," सबनीस सर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "नमुना हाताळताना तूच घोळ घातला असणार. गाळून टाक."

फुप्फुसाचा कर्करोग असला की टेलोमरेजचं, म्हणजे पेशींना न थांबता वाढू देणाऱ्या विकराचं, जनुक अतोनात कामाला लागतं आणि रक्तात त्याचा माग सापडतो, हे सर वर्षानुवर्षं व्यासपीठांवर सांगत आलेत. 'आमची चाचणी खोटं बोलत नाही' हे त्यांचं ठरलेलं शेवटचं वाक्य. त्यावर टाळ्या पडतात. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, तेव्हा सरांनी कॅमेऱ्यासमोर बाह्या सरसावल्या होत्या. "लिही, निरोगी क्रमांक एक," असं मला ऐटीत म्हणाले होते. फोटो निघाल्यावर गच्चीवर सिगारेट ओढायला गेले होते.

"सर, हा निरोगी क्रमांक एक आहे," मी म्हणाले. "पुन्हा पुन्हा तपासला. तेवढाच चढा येतोय."

सरांनी पडद्याजवळ वाकून आकडा पुन्हा वाचला. मग घसा खाकरून म्हणाले, "एका चाचणीवर इतका विश्वास ठेवायचा नसतो. गाळ म्हटलं ना."

मी गाळला. आलेख कसा देखणा झाला.

दुपारी जेवायला खाली उतरले, तर आमच्याच रुग्णालयातल्या सीटी स्कॅनच्या दाराशी सर बसलेले. अंगात रुग्णाचा हिरवा झगा, नजर दारावर. चाचणीवर विश्वास नसलेला माणूस रांगेत सगळ्यांच्या पुढे होता.

मी जवळ जाऊन अदबीनं विचारलं, "सर, आकडा परत घालू का?"