जावयाचे रुंद टायर

“ह्यो टायर न्हाई जावईबापू, जातं हाय जातं!” लालासाहेब गाडीखालूनच बोलले.

“मामा, पुण्यात समदी पोरं हेच घालत्यात,” जयराज म्हणाला. “आमच्या आष्ट्यात गाडी लावली की लोक वाकून बघत्यात.”

“लोकांनी वाकून बघायची येळ येऊ नये, म्हणून तर सांगतोय.”

लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन साताऱ्यात आले, तरी सकाळी स्वतःच्या दाढीआधी गाडीचं तोंड पुसायची सवय सुटली नव्हती. लग्नात जावयाला दिलेली ही लाल गाडी त्यांनी स्वतः निवडली होती, चाकांसकट. जयराजनं ती चाकं सांगलीत उतरवून हे रुंद टायर चढवले आणि गाडीचा स्वभावच बदलला. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोरीत शिरली की ती मालकाचं ऐकेना. स्टेअरिंग हाताला हिसके देई. पण न ऐकणाऱ्याला सरळ करायची जयराजला सवय होती.

लेक पूजा संक्रांतीला माहेरी आली होती. चौथा महिना होता. मागच्या खेपेला ती म्हणे जिन्यावरून पडली आणि सगळं संपलं. आष्ट्याचं घर बैठं होतं; पण जावयाच्या घरी जिना शोधायला कोण जातं? आईनं, अंजनानं, ओटी भरून तिला परत पाठवली होती.

या खेपेला मात्र जयराज तिला फुलासारखं जपत होता. चिंच म्हटली की चिंच, बोरं म्हटली की बोरं. डोहाळे अपुरे राहिले तर पोराची लाळ गळते म्हणतात, आणि आष्ट्याच्या वारसाची लाळ गळून कसं चालेल?

उद्या तो तिला याच गाडीतून नेणार होता. लालासाहेबांची झोप त्यानंच उडाली होती. दुपारभर त्यांनी मडगार्डची कड आत ठोकली. थोडी जागा झाली, पुरेशी नाही.

जयराज आत घोरत होता. पूजा चहा घेऊन आली.

“आप्पा, बिघडतंय काय नेमकं?”

पोरीनं आपल्या कामात लक्ष घातलं, याचं त्यांना बरं वाटलं.

“घाट उतरताना कळंल. वळणावर ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतंय, टायर मडगार्डला धरतोय. मग स्टेअरिंग जिथल्या तिथं. वळीव म्हटलं तरी वळत न्हाई.”

“आन् चढताना?”

“चढताना काय व्हतंय! पसरणीचा घाट चढून जाईल मजेत. उतरायचं नाव काढू नये.”

पसरणीचा घाट म्हटलं की त्यांना एकच दिवस आठवे. शाळेच्या सहलीत पाचगणीला दोन स्ट्रॉबेऱ्या खाऊन पूजा पुरीसारखी फुगली होती. डॉक्टरानं सुई टोचल्यावर, तेव्हा रजेवर आलेले लालासाहेब तिला जीपमधून घेऊन निघाले आणि घाट असा उतरले, की शेजारी निजलेली पोर जागीसुद्धा झाली नाही. ड्रायव्हर असावा तर असा.

“उद्या सकाळी मी कुठनं तरी बारीक चाकं पैदा करतो. तोवर ह्या गाडीत पाय ठेवायचा न्हाई. शपथ हाय माझी.”

“न्हाई ठेवत, आप्पा.”

दुसऱ्या दिवशी लालासाहेब रिक्षात चार चाकं घालून आले, तर अंगणात गाडी नव्हती. चाकं तिथंच टाकून ते घराकडं धावले. पण पूजा ओट्यावर तीळ निवडत बसलेली दिसली आणि जीव भांड्यात पडला.

“जावई कुठं?”

“गेल्यात जरा बाहेर. सांजंला येतो म्हणाले.”

“तू बसली न्हाईस त्यात. शाणी माझी बाय ती!”

सांजेला दारात वाईचा हवालदार आला, टोपी हातात घेऊन. पसरणीच्या घाटात एक लाल गाडी वळणावर वळलीच नव्हती. सरळ गेली होती.

अंजनानं हंबरडा फोडला. लालासाहेब अंगणातल्या चाकांवरच मटकन बसले.

हवालदारानं एक चेपलेली टोपली पुढं केली. तिच्यातून लाल रस गळत होता.

“एवढीच हाती लागली. पाचगणीचा बागवाला सांगत होता, लय निवडून निवडून घेतली म्हणं. बायकोला स्ट्रॉबेरीचं डोहाळं लागल्यात म्हणून.”

पूजानं पदर नाकाला लावला आणि ती दोन पावलं मागं सरली.

“उतरतानाच ना?” तिनं विचारलं.