काचेतला चाकू

बंदरावरचा भोंगा वाजला आणि संग्रहालयात तिकिटं फाडणारी सून ताडकन उठली. मासळीनं पाठ फिरवल्यापासून तो मुकाच होता. मासे डब्यात भरायचा कारखाना बंद पडून त्याचंच हे संग्रहालय झालं. तिनं खिडकी उघडली. उत्तरेच्या बोचऱ्या वाऱ्यात काठोकाठ भरलेल्या होड्या धक्क्याला लागत होत्या. "मासे आले, पण कापायला हात कुठून आणू?" मुकादम बेंबीच्या देठापासून ओरडत होता. मागे काच वाजली. इथेच मासे कापण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या आणि आता इथल्या वस्तू पुसायचं काम करणाऱ्या सासूबाईंनी कपाटातून आपला चाकू काढला होता. त्या बोटांना चिंध्या गुंडाळत होत्या. "अहो आई, ती ऐतिहासिक वस्तू आहे!" "मग मी कोण? चल, बाह्या सरसाव!" "त्याला धार तरी उरलीय का?" सासूबाई दारातूनच हसल्या. "दर सोमवारी पुसायला म्हणून घरी न्यायचे, ते काय नुसता पुसायला?"